टेहळणीची वही : अमेरिकेतील शालेय मुलींचे बास्केटबॉल पाहताना

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे. या शाळांतील मुलींच्या बास्केटबॉल संघांचे सामने पाहून त्यांची शिस्तशीर नोंद करणे आणि त्या नोंदींवरून संघाविषयी किंवा एखाद्या खेळाडूविषयी अनुमान बांधणे, या कामाला तिथे स्काउटिंग म्हणतात. मराठी वाचकाला स्काउट हा शब्द खाकी गणवेश आणि गळ्यातील स्कार्फ यांमुळे परिचित असला, तरी येथे त्याचा मूळचा लष्करी अर्थ अभिप्रेत आहे : पुढे जाऊन टेहळणी करणारा आणि पाहिले ते तिखटमीठ न लावता परत येऊन सांगणारा. या कामाच्या दोन शाखा आहेत. पहिलीत शाळेचा प्रशिक्षक किंवा त्याचा साहाय्यक पुढच्या प्रतिस्पर्धी संघाचा सामना पाहून येतो, तर दुसरीत महाविद्यालयाचा प्रतिनिधी आपल्या संघासाठी मुली हेरतो. पहिल्याचा प्रश्न असतो, ही मुलगी येत्या शुक्रवारी काय करील. दुसऱ्याचा प्रश्न असतो, ही मुलगी चार वर्षांनी काय करू शकेल. हे दोन प्रश्न एकाच वहीत मिसळले गेले, की दोन्हींची उत्तरे चुकतात. दोन्ही शाखांचा पाया मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे एकदा घडलेली गोष्ट आणि पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट यांतील फरक ओळखणे. टेहळणी करणाऱ्याला खेळाडूच्या पराक्रमापेक्षा तिच्या सवयी अधिक उपयोगी पडतात.

या दृष्टीने गुणसंख्या ही सर्वांत फसवी नोंद ठरते. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड पॉलिटेक्निक शाळेच्या शेरिल मिलरने १९८२मध्ये एका सामन्यात १०५ गुण केले; इंगलवूडच्या मॉर्निंगसाइड शाळेच्या लिसा लेस्लीने १९९०मध्ये केवळ पूर्वार्धातच १०१ गुण केले आणि मध्यंतरानंतर प्रतिस्पर्धी संघ मैदानात उतरलाच नाही; न्यूयॉर्कच्या मरी बर्गट्रॉम शाळेच्या एपिफनी प्रिन्सने २००६मध्ये ११३ गुण केले. तिघीही पुढे खरोखरच मोठ्या खेळाडू झाल्या, लेस्लीने तर ऑलिंपिकची चार सुवर्णपदके मिळवली. पण ज्या सामन्यांत हे आकडे उभे राहिले, त्यांतील मिलरचा सामना १७९-१५ असा आणि प्रिन्सचा १३७-३२ असा संपला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्यांतील निम्मी गोष्ट समोरच्या संघाची आहे हे उमगते. मुलींच्या शालेय खेळात दोन संघांतील अंतर अनेकदा असे टोकाचे असते आणि त्याला इतिहास आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन हा संघीय कायदा १९७२मध्ये झाला, त्या सुमारास देशभरात शालेय खेळ खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या आणि आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. परंतु ही वाढ सर्वत्र सारखी झालेली नाही. काही खासगी शाळांकडे दूरदूरच्या वस्त्यांतून खेळाडू येतात, तर ग्रामीण भागातील एखाद्या छोट्या शाळेला दहा मुली जमवतानाही यातायात पडते. म्हणून वहीतील पहिला रकाना खेळाडूच्या नावाचा नसावा. तो प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाचा असावा, आणि तीस गुणांपेक्षा अधिक फरकाने संपलेल्या सामन्यातील कोणत्याही आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढण्याची शिस्त निरीक्षकाने लावून घ्यावी.

सामन्याला निघण्यापूर्वी त्या राज्याचे नियम पाहून घेणे अगत्याचे आहे, कारण शालेय बास्केटबॉलचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही संस्था तयार करीत असली, तरी काही बाबी राज्यांवर सोडलेल्या असतात. बहुतेक राज्यांत सामना आठ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे एकूण ३२ मिनिटांचा असतो. महाविद्यालयीन महिलांचा सामना दहा मिनिटांच्या चार डावांचा असल्यामुळे शाळेत पूर्ण वेळ खेळणारी मुलगी महाविद्यालयात तशीच टिकेल असे गृहीत धरता येत नाही. शालेय कोर्टाची लांबी साधारणपणे ८४ फूट, तर महाविद्यालयीन कोर्टाची ९४ फूट असते. तीन गुणांची रेषा शाळेत बास्केटपासून १९ फूट ९ इंचांवर असते. महाविद्यालयीन महिलांसाठी ती २०२१-२२च्या हंगामापासून सुमारे २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली आहे. चेंडू मात्र दोन्हीकडे साडेअठ्ठावीस इंच परिघाचा, म्हणजे मुलांच्या चेंडूपेक्षा एक इंचाने लहान असतो. २०२३-२४पासून शालेय नियमांत फाउलची, म्हणजे नियमबाह्य अडथळ्याची, मोजणी प्रत्येक डावात नव्याने सुरू होते आणि एका डावातील पाचव्या फाउलपासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे बिनअडथळ्याचे शॉट, मिळतात, त्यामुळे कोणता संघ डावाच्या पहिल्या तीन मिनिटांतच फाउल उधळून टाकतो ही आता टिपून ठेवण्याजोगी गोष्ट झाली आहे. शॉट क्लॉक म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घेण्याचे बंधन. ते काही राज्यांत आहे आणि काहींत नाही. जिथे ते नाही तिथे आघाडीवरील संघ शेवटची दोन मिनिटे चेंडू नुसता फिरवत ठेवू शकतो, आणि त्या वेळी चेंडू कोणाच्या हाती असतो, यावर अटीतटीच्या सामन्याचा निकाल ठरतो.

नियम खेळाडूला कसे घडवतात याचे सर्वांत बोलके उदाहरण आयोवा राज्यात सापडते. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात सेन्डा बेरेन्सन यांनी १८९०च्या दशकाच्या प्रारंभी मुलींसाठी हा खेळ आणला, तेव्हा त्यांनी कोर्टाचे तीन भाग पाडून खेळाडूंना आपापल्या भागातच राहण्याचे बंधन घातले होते. त्याच विचाराचा वारसा म्हणून आयोवात मुलींचा सहा-सहा खेळाडूंचा खेळ १९९३पर्यंत चालू राहिला : तीन जणी केवळ आक्रमण करीत, तीन जणी केवळ बचाव, मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच आपटायचा. १९६८मध्ये डेनिस लाँगने याच पद्धतीच्या एका सामन्यात १११ गुण केले होते. अशा खेळातील आक्रमक मुलीने संपूर्ण शालेय कारकिर्दीत एकदाही बचाव केलेला नसे. तो खेळ गेला, पण त्याची सावली अजून आहे. आजही अनेक शालेय संघ आपल्या सर्वोत्तम मुलीला फाउलपासून जपण्यासाठी झोन बचावाच्या, म्हणजे कोर्टाचे भाग वाटून घेऊन केलेल्या बचावाच्या, एका कोपऱ्यात ठेवून देतात, आणि तिला एकास एक बचाव करताना कोणी पाहिलेलेच नसते. असे असेल तेव्हा वहीत ‘बचाव कच्चा’ असे न लिहिता ‘बचाव पाहायला मिळाला नाही’ असे लिहावे. पहिले वाक्य निवाडा आहे आणि दुसरे नोंद.

निरीक्षकाने सामन्याच्या किमान चाळीस मिनिटे आधी क्रीडागृहात पोहोचावे. मुख्य संघाला तिथे व्हर्सिटी म्हणतात आणि त्याच्या आधी बहुधा ज्युनिअर व्हर्सिटी या दुय्यम संघाचा सामना होतो. त्याचा शेवटचा डाव पाहिल्यास मुख्य संघातील कोणी आजारी पडल्यास वर कोण येईल, याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर सरावाची वीस मिनिटे असतात, ज्यांत प्रेक्षक खाण्याच्या खिडकीपाशी उभे असतात आणि निरीक्षकाला मात्र बसून राहावे लागते. डाव्या हाताने ले-अप घालायची वेळ आली की कोण हळूच उजव्या हातावर येते, कोणाच्या गुडघ्याला पट्टा आहे, कोणती मुलगी स्वतःच्या नेहमीच्या जागेवरून शॉट मारते आणि कोणती केवळ रांगेत उभी राहून गप्पा मारते, हे सारे येथे दिसते. बसण्यासाठी मध्यरेषेजवळची वरची रांग उत्तम, कारण तिथून दहाही खेळाडू एकाच वेळी नजरेत राहतात. खेळाडूची पारख करायची असेल, तर उत्तरार्धात तिच्या संघाच्या बाकामागे, आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर बसावे. आजूबाजूला पालक बसलेले असतात आणि त्यांचे बोलणे कानी पडते. ते वहीत उतरवू नये.

नोंदीची लिपी साधी असते. आक्रमण करणाऱ्या पाच जणींना १ ते ५ असे आकडे द्यावेत : १ म्हणजे चेंडू वर आणणारी पॉइंट गार्ड आणि ५ म्हणजे बास्केटजवळ खेळणारी सेंटर. बचाव करणाऱ्यांसाठी फुली, खेळाडूच्या धावेसाठी सरळ बाण, पाससाठी तुटक रेषा, ड्रिबलसाठी (चेंडू आपटत नेण्यासाठी) नागमोडी रेषा आणि स्क्रीनसाठी टोकाला आडवी दांडी असलेली रेषा. स्क्रीन म्हणजे सहकारी खेळाडूला मोकळी करण्यासाठी तिच्या पाठीवरील बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहणे. प्रत्येक चाल रेखाटण्याच्या नादात सामना निसटतो, म्हणून चार प्रसंगांच्या चाली तेवढ्या अचूक रेखाटाव्यात : सामन्याची पहिली चाल, प्रत्येक टाइमआउटनंतरची चाल, आपल्या बास्केटखालून चेंडू आत फेकतानाची चाल आणि डावाच्या शेवटच्या काही सेकंदांतील चाल. यांपैकी बास्केटखालून चेंडू आत फेकण्याच्या चाली सर्वांत मोलाच्या आहेत. शालेय संघाला सरावाला वेळ कमी असतो, त्यामुळे बहुतेक संघ अशा तीन-चार चालीच बसवतात आणि हंगामभर त्याच वापरतात. दोन सामने लक्षपूर्वक पाहिले, तर त्यांतील बहुतेक हाती येतात. चालीचे नाव प्रशिक्षक ओरडून सांगतो, बोटांनी किंवा रंगाच्या नावाने खुणावतो, आणि ते लिहून घेणे योग्यच. पण नाव बदलता येते, मांडणी इतक्या सहज बदलता येत नाही. म्हणून पुढच्या सामन्यात आपल्या मुलींना नावापेक्षा खेळाडू कोठे उभ्या राहतात ते ओळखायला शिकवावे. चौघी पेटीच्या चार कोपऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या, तर पहिली धाव कोणाची आणि स्क्रीन कोणाची, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

बचावाच्या नोंदीत प्रथम प्रकार ओळखावा. मॅन-टू-मॅन म्हणजे प्रत्येकीने आपली ठरलेली खेळाडू सांभाळणे. झोन म्हणजे प्रत्येकीने कोर्टाचा आपला भाग सांभाळणे. पुढे दोन आणि मागे तीन अशी २-३ रचना शाळांत सर्वाधिक दिसते. एकच मुलगी गुणांचा बहुतेक भार वाहत असेल, तर चौघी झोनमध्ये आणि पाचवी केवळ तिच्या मागावर, असा बॉक्स-अँड-वन नावाचा बचावही लावला जातो, आणि तो लावल्यावर उरलेल्या चौघींपैकी शॉट घ्यायला कोण धजते, हे पाहण्यासाठी तो सामना दुसऱ्यांदा पाहावा. पण मुलींच्या शालेय खेळात निर्णायक ठरतो तो प्रेस, म्हणजे संपूर्ण कोर्टभर दाबून केलेला बचाव. अनेक संघांत चेंडू निर्धास्तपणे वर आणणारी मुलगी एकच असते; दोघींनी मिळून तिला बाजूच्या रेषेशी कोंडले, की चेंडू अशा मुलीच्या हाती जातो जिला तो नकोच असतो. म्हणून प्रेसविषयी चार प्रश्नांची उत्तरे वहीत असलीच पाहिजेत : प्रेस कधी लागतो, बास्केट झाल्यावर की प्रत्येक वेळी, कोंडी कोठे होते, कोंडीतून सुटण्याचा पास मधल्या जागेत जातो की मागे, आणि प्रेस मोडला तर बास्केटपाशी राखण करायला कोण उरते. प्रतिस्पर्धी प्रेस लावत नसला, तरी त्याच्यावर कोणी लावला होता का आणि चेंडू वर आणणारी दुसरी मुलगी कोण निघाली, हे लिहावे. अहवालातील या एका ओळीने सामने जिंकले गेले आहेत.

आकड्यांचा उपयोग दिसलेल्याची पडताळणी करण्यापुरता करावा. डीन ऑलिव्हर यांनी ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात मांडलेले चार घटक शालेय सामन्यालाही लागू पडतात : शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हरचे प्रमाण, आक्रमक रिबाउंडचे प्रमाण आणि फ्री थ्रो मिळवण्याची क्षमता. टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच चेंडू गमावणे, तर आक्रमक रिबाउंड म्हणजे आपलाच हुकलेला शॉट पुन्हा आपल्याच हाती येणे. समजा, एका संघाने ५० शॉट घेतले, १८ घातले, त्यांपैकी चार तीन गुणांचे होते. १० आक्रमक रिबाउंड मिळाले, २२ टर्नओव्हर झाले आणि १६ फ्री थ्रो मिळाले. तीन गुणांच्या प्रत्येक यशस्वी शॉटला अर्ध्याने अधिक वजन दिल्यास परिणामकारकता (१८ + २) ÷ ५०, म्हणजे ४० टक्के येते. चेंडूचा ताबा एकूण किती वेळा मिळाला याचा अंदाज शॉटमधून आक्रमक रिबाउंड वजा करून, त्यात टर्नओव्हर आणि फ्री थ्रोच्या ०.४४ पट मिळवून काढतात : ५० − १० + २२ + ७, म्हणजे सुमारे ६९. या ६९ पैकी २२ वेळा, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या वेळी, चेंडू शॉटपर्यंत पोहोचलाच नाही. ‘आज मुलींचे नेम लागले नाहीत’ असे तो प्रशिक्षक सामन्यानंतर म्हणत असेल, तर त्याचे निदान अपुरे आहे; नेम धरण्याची संधीच एक तृतीयांश वेळा हुकली होती. मात्र शालेय आकडेमोड कित्येकदा एखादा विद्यार्थी किंवा हौशी पालक ठेवतो आणि असिस्ट, म्हणजे गुणाला कारणीभूत झालेला पास, मोजताना आपुलकी आड येते. त्यामुळे निदान टर्नओव्हर आणि रिबाउंड निरीक्षकाने स्वतः मोजावेत.

प्रत्येक खेळाडूविषयीची नोंद विशेषणांत लिहू नये. ‘चांगली शूटर’ या शब्दांचा बचाव करणाऱ्या मुलीला काहीही उपयोग नाही. ‘उजव्या कोपऱ्यात पाय रोवून उभी असताना चेंडू मिळाला तर घालते, ड्रिबल करत आली की शॉट आखूड पडतो’ हे वाक्य मात्र तिला काय करायचे ते सांगते : धावत जाऊन तिला चेंडू आपटायला भाग पाडायचे. कोणत्या हाताने जाते, कोठून शॉट घेते, दबावाखाली काय करते, एवढ्या तीन ओळी प्रत्येकीसाठी पुरतात. निरीक्षकाच्या वहीत दहा पाने भरली, तरी संघाच्या हाती एकच पान द्यावे, कारण ते वाचणारी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा रसायनशास्त्राचा पेपर असू शकतो. अहवाल किती भरला यावर निरीक्षक खूश होतो; मुलींना त्यातले काय आठवले, हे सामन्यात कळते.

महाविद्यालयासाठी पारख करणाऱ्याची नजर येथून वेगळी वळते. उंचीच्या बाबतीत मुली आणि मुले यांच्यात मूलभूत फरक आहे : मुलींची झपाट्याने उंच होण्याची वेळ सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते, आणि पंधराव्या वर्षापर्यंत बहुतेकींची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते. मुलांच्या बाबतीत ‘अजून वाढेल’ ही आशा बाळगता येते. मुलींच्या बाबतीत ती क्वचितच फळते. त्यामुळे नववीत सर्वांपेक्षा उंच असल्यामुळे बास्केटखाली उभी केलेली पाच फूट दहा इंचांची मुलगी बारावीतही तेवढीच असण्याची शक्यता मोठी, आणि महाविद्यालयात त्या उंचीला बाहेरून खेळावे लागते. तिला ड्रिबल आणि लांबचा शॉट कोणी शिकवला आहे का, हाच तिच्या पारखीतील कळीचा प्रश्न ठरतो. कार्यक्रमपत्रिकेतील उंची एक-दोन इंचांनी फुगवलेली असते असे धरून चालावे आणि ज्ञात उंचीच्या एखाद्या पंचाशेजारी किंवा खेळाडूशेजारी ती उभी असताना तुलना करावी.

मुलींचा खेळ बहुतांशी रिंगच्या पातळीखाली चालतो, म्हणून उडीपेक्षा पाय अधिक सांगतात. पहिले पाऊल किती लांब पडते, पूर्ण वेगात असताना दोन पावलांत थांबता येते का, शॉटपूर्वी पाय आधीच जमवलेले असतात का, बचाव करताना कंबर वाकते की गुडघे वाकतात, याकडे पाहावे. शॉट पाहताना ती शालेय रेषेच्या किती मागून मारते ते फुटांत लिहावे. १९ फूट ९ इंचांवरून चाळीस टक्के घालणाऱ्या मुलीचा चेंडू जवळजवळ अडीच फूट मागे गेल्यावर खांद्यातून ढकलला जात असेल, तर महाविद्यालयात ती टक्केवारी उरणार नाही. शालेय हंगाम वीस-तीस सामन्यांचा आणि तीन गुणांचे प्रयत्न मोजकेच, म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी हा तिच्या हाताचा अधिक भरवशाचा पुरावा समजावा. आणि पूर्ण एक डाव तरी चेंडूकडे न पाहता केवळ तिच्याकडे पाहावे. सामन्याच्या कोणत्याही क्षणी दहापैकी नऊ जणींकडे चेंडू नसतो. त्या वेळी ती सहकाऱ्यांना ओरडून सावध करते की कमरेवर हात ठेवून उभी राहते, बदलून बाकावर बसवल्यावर तिची नजर खेळावर असते की गॅलरीत, चूक झाल्यावर पुढची पाच सेकंदे ती काय करते, यांतून जे कळते ते कोणत्याही आकड्यात उतरत नाही.

उडीवरून खाली येताना गुडघे आत वळतात का, हेही पाहावे. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण अशा खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि उतरण्याची पद्धत हे त्यामागील एक कारण मानले जाते. योग्य व्यायामाने ती सुधारता येते. निरीक्षक डॉक्टर नसल्यामुळे त्याने निदान लिहू नये, दिसले तेवढे लिहावे. झालेल्या दुखापतीला शेवटचा शब्दही मानू नये : इलिनॉयमधील नेपरविल सेंट्रल शाळेच्या कँडेस पार्करचा गुडघा बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात गेला होता, आणि ती पुढे टेनेसी विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली.

खेळाडूंच्या क्रमवारीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, ती डोळे झाकून मानावी किंवा सरळ फेकून द्यावी, आणि दोन्ही चुकीची आहेत. २०२०मध्ये शाळा संपवणाऱ्या मुलींच्या, ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या यादीत पेज ब्यूकर्स पहिली, एंजल रीस दुसरी, कॅमरन ब्रिंक तिसरी आणि आयोवाच्या डाउलिंग कॅथलिक शाळेची केटलिन क्लार्क चौथी होती. क्लार्क २०२४मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागाच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारी खेळाडू ठरली, म्हणून यादी चुकली असे म्हणणे सोपे आहे. पण चौघीही देशातील अव्वल खेळाडू झाल्या, म्हणजे गट ओळखण्यात यादी अचूक होती, क्रम लावण्यात मात्र तिच्याकडे मुळात नसलेली सूक्ष्मता तिने दाखवली. निरीक्षकाने आपल्या वहीतही खेळाडूंना अनुक्रम न देता तीन-चार थर पाडावेत.

उन्हाळ्यातील शाळेबाहेरचे सामने ही वेगळीच दुनिया आहे. १८८८मध्ये स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या नावावरून त्या सगळ्या व्यवहाराला बोलीभाषेत एएयू म्हणतात. नायकी, आदिदास, अंडर आर्मर या कंपन्यांच्या स्पर्धामालिका त्यात येतात आणि जुलैत शेकडो प्रशिक्षक एका छताखाली बसलेले दिसतात. तिथे मुलगी आपल्या तोडीच्या मुलींविरुद्ध खेळते, ही जमेची बाजू. दोन दिवसांत चार सामने खेळून दमलेली असते आणि संघाने एकत्र सराव केलेला नसतो, ही उणी बाजू. शाळेत पंचवीस गुण करणारी मुलगी तिथे चौथ्या क्रमांकाचा पर्याय असते, आणि चेंडू हाती नसताना ती काय करते ते शाळेत क्वचितच दिसत असल्यामुळे, एकच सामना पाहणे शक्य असेल तर उन्हाळ्यातला पाहावा. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए वर्षाचे कालखंड पाडते : काही काळात प्रत्यक्ष भेट चालते, काहींत केवळ सामना पाहता येतो, काहींत भेट फक्त महाविद्यालयाच्या आवारात होऊ शकते आणि काहींत समोरासमोर भेटणे वा सामना पाहणे पूर्ण वर्ज्य असते. या तारखा दरवर्षी नव्याने पाहाव्यात. खेळाइतकेच गुणपत्रकही पाहावे, कारण पहिल्या विभागात खेळण्यासाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते, तर तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. २०१८मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे, प्रशिक्षकांना अनुभवी खेळाडू आयत्या मिळू लागल्या आहेत आणि शाळेतून थेट येणाऱ्या मुलींच्या जागा आक्रसल्या आहेत.

चित्रफितीने हे काम सुकर केले. नेब्रास्कातील लिंकन येथे २००६मध्ये सुरू झालेल्या हडल या कंपनीच्या सेवेवरून शाळा एकमेकींना सामन्यांच्या फिती देतात. फीत तीनदा पाहावी : एकदा नुसती, एकदा केवळ बचावासाठी आणि एकदा थांबवत, चाली रेखाटत. निवडक करामतींची तीन मिनिटांची फीत हा पुरावा नव्हे, कारण तीत हुकलेला एकही शॉट नसतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखादी मुलगी शाळेच्या संघात असेल आणि आईवडील तिची फीत महाविद्यालयांना पाठवणार असतील, तर त्यांनी तुल्यबळ संघाविरुद्धचा एक अख्खा सामना पाठवावा, सुरुवातीलाच जर्सीचा रंग व क्रमांक, इयत्ता, उंची आणि गुणांची सरासरी लिहावी, आणि चित्रीकरण करताना ‘अगं, पास कर!’ असे ओरडू नये. तो आवाज फितीत येतो.

या नोंदी अल्पवयीन मुलींविषयीच्या आहेत याचे भान सुटता कामा नये. शरीराविषयी खेळाला आवश्यक तेवढेच, उंची, वेग, ताकद, अशा मोजमापाच्या भाषेत लिहावे. वजनाविषयी शेरे, घरगुती बाबी, प्रेक्षकांतील कुजबुज यांना वहीत जागा नसावी. अहवाल हातोहात फिरतो आणि कधीतरी तो त्या मुलीच्याही वाचनात येईल, असे धरूनच वाक्य लिहावे.

सामना होऊन गेल्यावर त्याच रात्री जुना अहवाल पुन्हा काढून त्यातील प्रत्येक विधानासमोर निराळ्या शाईने खूण करावी : घडले, घडले नाही, किंवा घडायची वेळच आली नाही. हंगामाच्या अखेरीस अशा पंधरा-वीस अहवालांतील चुकीच्या खुणा एकत्र चाळल्या, की निरीक्षक डावखुऱ्या मुलींना कमी लेखतो का, उंच मुलींना सवलत देतो का, की तिसऱ्या डावात त्याचे लक्ष ढळते, हे दिसू लागते. पुढच्या नोव्हेंबरात सराव सुरू होण्यापूर्वी वहीतील रकाने आणि बसायची जागा त्याप्रमाणे बदलून घ्यावी.